कमल कदम

पायथन ही भाषा मी शिकायला घेतली तेव्हा प्रोग्रॅमिंग करून मला २१ वर्षं झाली होती. आधी सी, मग जावा. नव्या भाषेची वाक्यरचना तीन आठवड्यांत हाताखाली आली आणि त्या भरवशावर मी गावाकडच्या वाचनालयाला सभासदनोंदणीचा आणि पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहून द्यायचं कबूल केलं. पैसे घेणार नव्हतो. पण फुकट केलेल्या कामातल्या चुकीचीही किंमत कुणीतरी मोजतंच, आणि इथे ती मोजणारा मी नव्हतो.

सगळा कारभार मराठीत हवा होता. २००८ च्या डिसेंबरात पायथनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून तिच्यातला मजकूर मुळातच युनिकोड असतो, हे मी वाचलं होतं. करून पाहिलं तर आनंदच झाला. व्हेरिएबलला ‘आडनाव’ असं देवनागरीत नाव दिलं, भाषेने ते घेतलं. ‘४२’ हे मराठी आकडे दिले, तिने त्यांची बरोबर बेचाळीस ही संख्या करून दिली. एवढ्यावरून मी ठरवून टाकलं की हिला मराठी येतं.

नावाच्या रकान्यात आकडे किंवा भलतीसलती चिन्हं पडू नयेत म्हणून मी एक तपासणी घातली. मजकुरातलं प्रत्येक चिन्ह अक्षर आहे का, हे सांगणारी ‘इझअल्फा’ नावाची मेथड पायथनमध्ये तयारच आहे. ती लावली आणि चाचणीसाठी नाव टाकलं ‘कमल’, आडनाव ‘कदम’. घेतलं. मग नावात एक आकडा घातला. नाकारलं. मी पुढच्या कामाला लागलो.

कमल कदम या नावात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, अनुस्वार नाही, जोडाक्षर नाही. टंकायला सोपं म्हणून ते माझ्या बोटांवर आलं होतं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते चाचणीला कुचकामी होतं.

‘मी’ हे आपल्या लेखी एक अक्षर. युनिकोडच्या लेखी ती दोन चिन्हं: म हे अक्षर आणि दीर्घ वेलांटी हे अक्षराला जोडायचं चिन्ह. हलन्ताचा पाय, अनुस्वार, उकार, मात्रा ही सगळी याच दुसऱ्या वर्गातली. ‘स्त्री’ची लांबी पायथनला विचारली तर उत्तर सहा येतं: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. इझअल्फा फक्त पहिल्या वर्गाला अक्षर म्हणते. म्हणून तिच्या दृष्टीने ‘कमल’ हा अक्षरांचा शब्द आहे, ‘मीना’ नाही. व्हेरिएबलच्या नावांचा नियम मात्र वेगळा आहे, त्याला वेलांट्या आणि काने चालतात. मला जिथे ‘आडनाव’ चाललं होतं, ते दार वेगळं होतं. अक्षर कशाला म्हणायचं, हे त्या मेथडच्या माहितीत एका वाक्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाक्य वाचलं नव्हतं. नावावरूनच अर्थ कळला असं धरून चाललो होतो.

प्रोग्रॅम बसवून मी पुण्याला परतलो. फोनवर विचारायचो, “चालू आहे ना?” उत्तर यायचं, “हो सर, चालू आहे.” सात आठवड्यांनी गेलो आणि ग्रंथपालबाईंनी सभासदांची यादी छापून हातात दिली. सनत जधव. कषण पवर. मन शद. पानंच्या पानं तशी.

“नावात फक्त अक्षरे चालतील” असा संदेश मीच लिहिला होता. त्या मुकाट्याने एकेक चिन्ह काढून बघत गेल्या होत्या. काना, मात्रा, वेलांटी गेली की संगणक नाव घेतो, हे त्यांनी शोधून काढलं आणि दोन मुलींना हाताशी धरून तसंच सगळं भरलं. मी विचारलं, मला फोन का केला नाही? त्या म्हणाल्या, “सर, मला वाटलं संगणकात मराठी अशीच टाकायची असते. आमचंच काहीतरी चुकत असेल.”

त्या वाक्यापुढे मला काही सुचलं नाही. २८ वर्षं त्या बाई हातानं नोंदवही लिहीत होत्या. त्यांच्या वहीत एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं मला सापडलं नाही. मी लिहिलेल्या एका ओळीने त्यांना त्यांच्याच भाषेत अडाणी ठरवलं होतं, आणि त्यांनी ते मानून घेतलं होतं. माझ्या सगळ्या व्यवसायात याहून मोठी चूक मी केलेली नाही. कुणाचे पैसे बुडवणारी चूकही मी याच्या खालीच धरतो.

तपासणी काढायला दहा मिनिटं लागली. नावं दुरुस्त करायला पाच आठवडे. जुनी नोंदवही होती म्हणून बहुतेक नावं परत उभी करता आली. रविवारी मी गावी जाऊन वहीतून नावं वाचून दाखवायचो आणि बाई टंकायच्या.

त्यातच दुसरी गोष्ट उघडी पडली. काउंटरवरच्या दोन संगणकांवर दोन वेगळ्या कळपट्ट्या होत्या. एका निवृत्त शिक्षकांचं आडनाव कऱ्हाडे. एका संगणकावर ते ऱ या स्वतंत्र वर्णाने पडायचं, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह मिळून. पडद्यावर तसूभर फरक नाही, पण पायथन चिन्हाला चिन्ह ताडून पाहते, तिच्यासाठी ती दोन माणसं होती. युनिकोडची रूपं एकसारखी करणारं जे प्रमाण साधन आहे, तेही ही दोन रूपं एक मानत नाही. गुरुजींनी परत केलेलं पुस्तक एका खात्यावर जमा झालं आणि दुसऱ्या खात्यावरून त्यांना थकबाकीची चिठ्ठी गेली. ते पावती घेऊन उन्हातून चालत आले. वाद घातला नाही, पावती टेबलावर ठेवली आणि उभे राहिले. सभासद ओळखायला नाव वापरायचं नाही, क्रमांक द्यायचा, हे मला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं. छोटं काम म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

बाकीच्या चुका लवकर सापडल्या, कारण आता मी शोधत होतो. अनुक्रम लावला की आडनावातला ळ ल च्या मागोमाग यायचा आणि ‘ॲड.’ ही पदवी थेट ह च्याही पुढे जायची, कारण क्रम वर्णमालेचा नसून युनिकोडच्या तक्त्याचा होता. ओळखपत्रावर नाव मावावं म्हणून पहिली बारा चिन्हं कापली, तर जोडाक्षर मधोमध तुटून उघडा हलन्त छापला गेला. पुस्तकांच्या शोधासाठी मजकुराचे शब्द पाडले तेव्हा ‘इतिहास’चे तीन तुकडे झाले: इत, ह, स. प्रत्येक ठिकाणी मूळ एकच. मी भाषेला विचारलं होतं एक आणि समजत होतो दुसरं, आणि पडताळायला घेतलेला शब्द दर वेळी माझ्या सोयीचा होता.

आता माझ्या चाचणीच्या फाइलीत सगळ्यात वर ज्ञानेश्वर कऱ्हाडे आहे, मग कृष्णा म्हात्रे, अनंत सुर्वे, स्मिता ओऱ्हे. कमल कदम शेवटी.

त्या सात आठवड्यांत जे नवे सभासद थेट संगणकावर नोंदवले गेले, त्यांची नावं कुठल्याही वहीत नव्हती. फोन लागले तेवढ्यांना विचारून घेतली. नऊ जण सापडले नाहीत. वाचनालयाच्या यादीत १४१२ क्रमांकावर अजूनही ‘मन शद’ आहे. मीना, मैना की मनू, हे आम्हाला ठाऊक नाही.