बुलेटच्या तेलाची आवक-जावक

जुन्या बुलेटवाल्यांच्या गप्पांत मोठ्या ऑइल पंपाचा विषय निघाला नाही, असं सहसा होत नाही. यंदा तो आमच्या घरातही निघाला. बाबांची १९८६ची साडेतीनशे खालून ठकठकू लागली आणि मेस्त म्हणाला, "व्हडलो पंप घालया भाऊ, तेल चड गेलें जाल्यार आवाज बंद जातलो." बाबांनी तोंड फिरवलं. इंजिनातली भोकं कुणी रुंद करणार, हेच त्यांना सोसेना.

मी कला शाखेचा, सरकारी टेबलावर आवक-जावक सांभाळणारा. इंजीनही मला त्याच भाषेत कळलं. या बिडाच्या सिलिंडरच्या बुलेटला दोन पंप, दोन्ही एकाच दांड्यावर चालणारे. एक पंप टाकीतलं तेल गाळणीतून क्रँकमध्ये आणि तिथून बिग एंडला पोचवतो. खाली गळलेलं तेल दुसरा उपसतो, वाटेत रॉकरना देतो आणि टाकीत परत पाठवतो. टाकी वेगळी नाही, इंजिनाच्या पोटातच आहे. परतीचा पंप मुद्दाम जास्त ताकदीचा असतो. नुसती आवक वाढवली, तर खाली तेल साचतं, फ्लायव्हील त्यात घुसळू लागतात, सायलेन्सर धूर ओकतो आणि ब्रीदरमधून तेल बाहेर येतं. वाढवायचं तर दोन्ही पंप मोठे करायचे, तेलाच्या वाटाही रुंद करायच्या. लांब पल्ल्यावर जोरात गाडी हाकणारे तसं करतात, त्यांना ते शोभतं. आमची धाव फोंडा ते पणजी!

मी म्हटलं, "मेस्ता, पयलीं आशिल्लें तेल खंय वता तें पळोवया." टायमिंग कव्हर उघडलं. कव्हरातून क्रँकच्या टोकात तेल शिरतं तिथं बुचाची छोटीशी सील असते. ती सुकून दगड झाली होती. तेल आत जाण्याऐवजी बाजूने निसटत होतं. मोठा पंप बसवला असता, तर तेही तिथूनच पळालं असतं!

नवी सील, नवी गाळणी, पंपाच्या चकत्या घासून सपाट. गाडी चालू करून हेडवरचा बॅन्जो बोल्ट किंचित सैल केला, तेल बुडबुडत वर आलं. बाबा वाकून बघत होते. ठकठक मात्र थोडी राहिलीच. बिग एंडचा बुश झिजला आहे, तो पावसाळ्यानंतर. तोवर गाडी पडवीत. उभ्या गाडीत टाकीतलं तेल पंपातून झिरपत खाली उतरतं, म्हणून पहिली किक मारण्याआधी खालचा बोल्ट काढून ते रिकामं करायचं, असं बाबांनी मेस्ताला आत्तापासूनच दोनदा बजावलंय.