पडणाऱ्यांचा वर्ग

व्यायामशाळेचा जिना चढतानाच तो आवाज कानावर येतो. थाप्. मग पुन्हा थाप्. तळहातापासून कोपरापर्यंतचा सगळा हात एकदम मॅटवर आपटल्याचा. भाचीला ज्युदोच्या वर्गाला सोडायला मी जाते तेव्हा बाकीचे पालक खाली गाड्यांपाशी थांबतात. मी वर जाऊन भिंतीकडेच्या बाकावर बसते, कारण मला तो आवाज मनापासून आवडतो.

एकदा त्यात एक थाप पडलीच नाही. दहा-अकरा वर्षांचा, वर्गात नवाच आलेला मुलगा पाठीवर पडला. दोन्ही हात त्याने छातीशी घट्ट धरलेले होते, डोळे मिटलेले. लागलं काहीच नव्हतं. पण सरांनी सगळा वर्ग थांबवला, त्याच्याशेजारी स्वतः आडवे झाले आणि म्हणाले, ‘‘हात सोड रे. हात सोडलास की पाठ वाचते.’’ त्या दिवसापासून मी त्या हॉलमधल्या पोरांना त्यांच्या पडण्यावरून ओळखायला लागले.

ज्युदोत आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ टेकते त्याच क्षणी हात अंगापासून थोडा लांब, तळवा खाली करून जोरात मारायचा आणि श्वास सोडायचा. हात उशिरा आला तर उपयोग नाही. तो टेकू म्हणून मागे लावला तर मनगट किंवा गळपट्टीचं हाड जायची भीती. आठवडेच्या आठवडे हेच चालतं, आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. फी भरून पोरगं नुसतं पडायला शिकतंय, अशी कुरकुर जिन्यात ऐकू येते. मला मात्र कुठल्याही शाळेत याहून शहाणा पहिला धडा दिसलेला नाही.

कुणी हात लावायच्या आधीच पडणारी मुलं असतात. समोरच्याने कॉलर धरली की ती मनातल्या मनात मॅटवर पोचलेली असतात. त्यांच्या उलट ताठ मुलगा. हा बहुधा वर्गातला सगळ्यात दणकट, पडायचंच नाही असं ठरवून आलेला. तो पाय रोवतो, कंबर मागे काढतो, आणि शेवटी पडतो तेव्हा सगळ्यांत वाईट पडतो. एकजण प्रत्येक पडण्यानंतर जॅकेट नीट करतो, पट्टा सोडून पुन्हा बांधतो, आणि तेवढ्यात त्याची पाळी निघून जाते. एका मुलीला पडताना हसू येतं. सर तिला रागावत नाहीत, ते मला फार बरं वाटतं. एक मुलगा प्रश्नांचा आहे. ‘‘सर, पण त्याने डावा पाय पुढे टाकला तर?’’ त्याच्याकडे प्रत्येक डावाचा तोड तयार असतो, फक्त अंगात अजून एकही डाव उतरलेला नाही. आणि मुलांच्या ओळीत शेवटी एक चाळिशी उलटलेले गृहस्थ उभे असतात, ऑफिसातून थेट आलेले. त्यांच्याइतकं मन लावून पडताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

या सगळ्यांना जोडीला हवी असते ती एकच मुलगी, तपकिरी पट्ट्याची, कॉलेजात जाणारी. ‘‘ताई, माझ्याबरोबर!’’ म्हणून पोरं तिच्या बाह्या ओढतात. फेकणाऱ्याला तोरी म्हणतात आणि पडणाऱ्याला उके. ही उके म्हणून असामान्य आहे. ओसोतोगारी या डावात समोरच्याचा तोल मागे ढकलून आपल्या पायाने त्याचा पाय मागून कापायचा असतो. लहान मुलं नुसतीच लाथ मारतात. ही तेवढ्याने पडत नाही. उभी राहते आणि वाट बघते. मुलाने खांदा पुढे आणून तिचा भार तिच्या टाचेवर नेला, की त्याच क्षणी ती जाते. खोटी पडत नाही, अडूनही बसत नाही. पोराच्या अंगाला तिथे जे कळतं ते सरांच्या दहा सूचनांनी कळलं नसतं. मग ती उठते, कपाळावरचे केस मागे सारते आणि म्हणते, ‘‘आता डावीकडून.’’

तिच्याकडे बघताना मला त्सुनेजिरो तोमिता आठवतो.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योतल्या एइशोजी नावाच्या बौद्ध मंदिरात कोदोकान ही आपली शाळा सुरू केली तेव्हा ते बावीस वर्षांचेही नव्हते. जागा होती बारा चटयांची. पोरं आपटायला लागली की देवळाची जमीन हादरे, पूर्वजांच्या स्मृतिपाट्या थरथरत, आणि पुजारीबुवा वैतागत. नोंदवहीत पहिलं नाव होतं तोमिताचं. तो कानोंच्या घरीच राहून शिकणारा मुलगा. गुरू स्वतः नवे डाव शोधत होते, जुन्या जुजुत्सूतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवत होते, आणि ते ठरवायला कुणालातरी फेकून बघावं लागतं. तेव्हा जवळ होता तो तोमिता. ज्युदोची किती तत्त्वं त्या एका पाठीवर तपासली गेली असतील, या विचाराने मला आजही भरून येतं.

पुढे कोदोकानचे चार मोठे शिष्य चार स्वर्गीय राजे म्हणून गाजले. शिरो सायगो बुटका, विजेसारखा, यामा-आराशी ही फेक त्याच्याच नावाशी कायमची जोडली गेली. साकुजिरो योकोयामा अंगाने थोर, लोक त्याला राक्षस म्हणत. योशित्सुगु यामाशिता जात्याच शिक्षक. त्याने 1904 मध्ये अमेरिकेत खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना शिकवलं. आणि चौथा तोमिता. 1883 मध्ये कानोंनी पहिल्यांदा शोदान ही पदवी दिली ती सायगो आणि तोमिता या दोघांना. त्यानंतर कथा लोकांनी सायगोच्या सांगितल्या. तोमिताही अमेरिकेला गेला, आणि 1905 साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत त्याच्याहून कितीतरी धिप्पाड कॅडेटला फेकू बघताना डाव फसून तो स्वतःच खाली दाबला गेला. पाहणाऱ्यांनी ज्युदोबद्दल मत बनवलं ते तेवढ्यावरून.

पण गोष्ट इथे संपत नाही. तोमिताचा मुलगा त्सुनेओ लेखक झाला. 1942 मध्ये त्याची ‘सुगाता सानशिरो’ ही कादंबरी आली, आणि तिच्यावर अकिरा कुरोसावा या तरुण दिग्दर्शकाने 1943 मध्ये आपला पहिला चित्रपट केला. त्यातला नायक बेतलेला आहे सायगोवर. सायगो कधीच कोदोकान सोडून नागासाकीला वर्तमानपत्रात कामाला गेला होता आणि 1922 मध्ये वारलाही होता. त्याला अमर केलं ते त्याच्याबरोबर शिकलेल्या तोमिताच्या मुलाने. तोमिताच्या घरात मित्राबद्दल काय आणि कसं बोललं जात असेल, याचा अंदाज मी त्यावरून करते. मत्सर असलेल्या घरातून अशी कादंबरी येत नाही.

माझं आजोळ कोल्हापूरचं. तिथल्या तालमीतली शिकवण ज्युदोच्या नेमकी उलटी. पाठीला माती लागली की कुस्ती गेली. म्हणून पोरांना मानेवर पूल करायला शिकवतात, खांदे टेकू द्यायचे नाहीत म्हणजे नाहीत. लहानपणी आम्हा मुलींना तालमीत पाऊल टाकायची मुभा नव्हती, पण दारातून हौदा दिसायचा. हळद, तेल, ताक मुरलेल्या तांबड्या मातीचा वास रस्त्यावर यायचा. नव्या पोराच्या हातात वस्ताद आधी फावडं देत, हौदा उकरायला. आणि तिथेही एक थोराड पठ्ठा होता, मैदानात फारसा न गाजलेला. पोरं त्याच्याशीच जोर करायला बघत, कारण तो डाव लागू द्यायचा. पोराचा हात बरोबर बसला की तो मातीवर आडवा व्हायचा आणि खालूनच ओरडायचा, ‘‘आता दाब!’’ पाठीला माती लागायची लाज त्याला त्या वेळी नव्हती. आता कोल्हापूरच्या मुली स्वतः हौद्यात उतरतात, त्यांनाही असं कुणी भेटत असावं.

आमच्या वर्गात सध्या सगळ्यांचं लक्ष पट्ट्यांकडे आहे. पिवळा कधी, नारिंगी कधी, परीक्षेची फी किती. सुरुवातीच्या कोदोकानमध्ये असले रंग नव्हते. ते युरोपातून आले. 1930च्या दशकात पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी ते रुजवले, कारण तिथल्या शिष्यांना पुढे सरकल्याची खूण लवकर हवी होती. मुलांना रंग आवडतात, त्यात वाईट काही नाही. पण चांगलं पडणाऱ्याला कुठलाच रंग नाही, ही मला या पद्धतीतली खरी उणीव वाटते. परीक्षेत जोडीदार म्हणून उभं राहणाऱ्या मुलीला निदान टाळ्या तरी मिळाव्यात.

तो हात छातीशी धरणारा मुलगा अजून येतो. थाप अजून उशिराच पडते. त्याच्या आईने मला जिन्यात विचारलं, वर्ग बदलावा का, शेजारच्या पेठेत पहिल्याच आठवड्यात फेकायला शिकवतात म्हणे. मी त्यांना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. मूल दोन-तीन महिने नुसतं पडत असेल तर त्याला तिथेच राहू द्या. जिथे पहिल्याच आठवड्यात फेकायला शिकवतात, तिथे मुलाला पाठवू नका.