खाला, मावशी आणि सफाईचा ठेका

उर्दू माध्यमाच्या शाळेत झाडलोट करणाऱ्या बाईंना मुले खाला म्हणतात, मराठी माध्यमाच्या शाळेत मावशी. अर्थ एकच, आईची बहीण. मी उर्दू शाळेत दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे हे नाते मला दोन्हीकडून परिचयाचे आहे. गेल्या वर्षी आमच्या शाळेची सफाई एजन्सीकडे द्यायचे ठरले आणि कोटेशनच्या कागदांवर या नात्याला तिसरेच नाव दिसले, ‘मनुष्यबळ’.

एजन्सीची वेळ का आली, हे अनुदानित शाळांतल्या लोकांना सांगायला नको. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने शिपायांच्या पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय घेतला. जुने शिपाई निवृत्त झाले की जागा भरली जात नाही. आमचे शेवटचे शिपाईमामा गेले, तेव्हा सगळा भार एकट्या खालांवर आला. त्यांना संस्था स्वतःच्या खिशातून दरमहा ९,५०० रुपये देत होती. सहाशे वीस मुले, तीन मजले आणि चौदा स्वच्छतागृहे एका बाईकडून होणे शक्य नव्हते. सातवी ते दहावीच्या मुली दिवसभर पाणीच पीत नसत, कारण पाणी प्यायले की स्वच्छतागृहात जावे लागते. काहीतरी करणे भाग होते.

तीन एजन्सींनी दर दिले आणि ते तपासायला संस्थेने तिघांची समिती नेमली. त्यात मीही होते. पहिल्या एजन्सीचा दर चौरस फुटावर होता. नऊ हजार चौरस फुटांना अडीच रुपयांप्रमाणे महिना २२,५००, वर १८ टक्के जीएसटी. दुसरीने माणशी १६,५०० सांगितले, दोन बायकांचे ३३,०००, सफाईचे साहित्य वेगळे. तिसरीने एकच आकडा लिहिला होता. १९,००० रुपये, दोन बायका, साहित्यासह, आणि खाली ‘सेप्टिक टँक सफाई मोफत’.

सेक्रेटरी साहेबांचे बोट साहजिकच तिसऱ्या कागदावर गेले. संस्था गरीब आहे, त्यांचा दोष नाही. पण तीन वेगवेगळ्या मापांनी दिलेले दर एकमेकांशेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक एजन्सीला एकच गोष्ट विचारायची सूचना केली : किती माणसे, किती तास, आणि एका माणसाच्या हातात महिन्याला किती रुपये?

सफाईच्या दरात यंत्रे नसतात, जागेचे भाडे नसते. बहुतेक सगळी रक्कम म्हणजे माणसाचा पगार आणि त्याला चिकटून येणाऱ्या गोष्टी. आपल्या राज्यात किमान वेतन परिमंडळानुसार वेगळे असते आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून वेतन १२,००० धरू. त्यावर भविष्य निर्वाह निधीचा मालकाचा वाटा आणि आकार मिळून १३ टक्के, म्हणजे १,५६०. कर्मचारी विमा ३.२५ टक्के, म्हणजे ३९०. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,०००. झाले १४,९५०. त्यावर एजन्सीचा दहा टक्के नफा धरला की १६,४४५. बाईच्या पगारातूनही निधीचे १२ टक्के आणि विम्याचे पाऊण टक्का कापले जातात, तेव्हा तिच्या हातात येतात १०,४७०. निधीचे पैसे तिच्याच खात्यात साठतात आणि विम्यामुळे घरातले कोणी आजारी पडले तर दवाखाना मिळतो.

आता तिसरा कागद पुन्हा पाहा. १९,००० मधून फिनाईल, झाडू, पोछे आणि नफा वजा केला तर दोघींच्या वाट्याला काय उरेल? एजन्सीच्या माणसाने मोकळेपणाने सांगितले, “मॅडम, तुमच्याच बाई आम्ही घेऊ. तुम्हाला काही फरक जाणवणार नाही.” आम्हाला जाणवणार नव्हता, ते खरे. आज ९,५०० मिळवणाऱ्या खालांना त्याच जिन्यावर, तोच झाडू हातात घेऊन, सात हजार मिळाले असते. फरक त्यांच्या घरी जाणवला असता.

त्या ‘मोफत’ ओळीबद्दलही विचारले. टँक कोण उपसणार, कशाने? उत्तर आले, “आमची माणसे आहेत.” संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी दरवर्षी टाकीत गुदमरून माणसे मेल्याच्या बातम्या येतात. हे काम पंपाच्या गाडीचे. ते कोणत्याही दरात मोफत असू शकत नाही.

पहिल्या एजन्सीच्या उत्तरातून दोन गोष्टी कळल्या. अडीच रुपये फुटाच्या दरात त्यांनी एक पूर्ण दिवसाची आणि एक अर्ध्या दिवसाची बाई धरली होती. म्हणजे मधल्या सुट्टीनंतर स्वच्छतागृहे धुवायला एकच बाई. आमचा मूळ प्रश्न तिथेच राहत होता. दुसरी गोष्ट, जीएसटी. बारावीपर्यंतच्या शाळांमध्ये केल्या जाणाऱ्या सफाई आणि सुरक्षेच्या सेवेला या करातून सूट आहे. दवाखाना, दुकान किंवा ऑफिस असेल तर १८ टक्के द्यावेच लागतात, शाळेने मात्र बिल नीट वाचावे. महिन्याचे चार हजार पन्नास रुपये आम्ही उगाच भरले असते.

उरला दुसरा कागद, सगळ्यात महाग. सेक्रेटरी साहेब म्हणाले, “आपा, ही ट्रस्टची शाळा आहे, कारखाना नाही. तेहतीस हजार आणायचे कुठून?” प्रश्न रास्त होता. मी म्हटले, कपात करू, पण पगारात नको. मग आम्ही कामाची यादी घेऊन बसलो. दर महिन्याची ‘डीप क्लीनिंग’ काढून दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत दोनदा ठेवली. खिडक्या रोजऐवजी आठवड्याला. साहित्य घाऊक बाजारातून संस्थेनेच घ्यायचे, म्हणजे पाणी घातलेले फिनाईल येणार नाही आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र होऊन विषारी वायू होण्याचा धोकाही आपल्या नजरेखाली राहील. दोन बायकांचे तेहतीस हजार मात्र तसेच ठेवले. मुलामागे हिशेब केला तेव्हा महिन्याला ५३ रुपये झाले. पालक सभेत हा आकडा फळ्यावर लिहिला. कुरकुर झाली, पण मुलींच्या आयांनी आधी हात वर केले.

करारात तीन अटी घातल्या. खालांना कामावर ठेवायचे. पगार दहा तारखेच्या आत बँकेत. आणि दर महिन्याच्या बिलासोबत निधीच्या व विम्याच्या चलनाची प्रत, त्यात दोघींची नावे दिसली पाहिजेत. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. कागदावर पगार पूर्ण दाखवून हातात कमी देणारे ठेकेदार कमी नाहीत. म्हणून मी दर महिन्याला दोघींना वेगवेगळे विचारते, किती जमा झाले? पहिल्यांदा खाला लाजल्या. आता त्या स्वतःच मोबाईलवरचा मेसेज दाखवतात.

आपल्या घरात, मदरशात, मशिदीत, शाळेत स्वच्छतेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. ती करणाऱ्या हातांचा हिशेब क्वचितच मांडतो. हिशेब, जमा, खर्च, रक्कम, मजूर हे सगळे शब्द उर्दूत आहेत तसेच मराठीतही आहेत. दोन्ही भाषांत आकडेमोड करता येते. तुमच्या संस्थेत सफाईचा ठेका द्यायचा असेल तर सगळ्यात कमी आकड्याखाली सही करण्यापूर्वी एवढेच विचारा, हा आकडा कमी कोणाच्या ताटातून झाला आहे?