विझवता येईल असा विस्तव

"आत्या, तू डोंबिवलीत आहेस, जरा दुकानं फिर आणि मला एक गॅसचा बार्बेक्यू बघून सांग," असा भाच्याचा फोन आला तेव्हा मी भरताचं वांगं बर्नरवर धरून उभी होते. एका हातात चिमटा, दुसऱ्यात फोन. म्हटलं, "अरे, कोळशाची शेगडी आहे ना तुझ्याकडं? गॅस कशाला?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "उडवी जळली."

भात झोडून झालं की पेंढ्याचे भारे एकावर एक रचून खळ्याच्या कडेला घुमटासारखा ढीग उभा करतात, ती उडवी. गुरांचा वर्षाचा घास तिच्यात असतो. घरात दोन म्हशी आणि एक बैलजोडी असली की उडवी जळणं म्हणजे काय, ते भावानं मला सांगायची गरज नव्हती. त्यानं सांगितलंही नाही. तो फोनवर आलाच नाही.

भाच्याचं शेत कर्जतहून कशेळ्याकडे जाताना पेज नदीच्या काठाला आहे. दिवाळीच्या आसपास भात कापलं की रिकाम्या खाचरात तो आठ तंबू लावतो. समोर कोथळीगडाचा सुळका, मागे माथेरानचा डोंगर, आणि उन्हाळ्यातही न आटणारी नदी. या न आटण्याची गंमत अशी की पाणी आपल्या मनानं येत नाही. वर मावळात ठोकरवाडीच्या धरणात अडवलेलं आंध्रा नदीचं पाणी नळांतून घाट उतरतं, भिवपुरीच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग पेजेत सोडलं जातं. 1922 पासून हे चाललंय. वीज मुंबईला, उरलेलं पाणी आम्हाला. आता मुंबईचीच माणसं शनिवारी ते पाणी बघायला येतात आणि त्याच्या काठावर कोंबडी भाजतात. हिशेब कुठेतरी फिटत असावा.

उडवी जळली त्या रात्रीच्या पाहुण्यांची तशी काही चूक म्हणवत नाही. जेवण झालं, गाणी झाली, झोपायच्या आधी त्यांनी शेगडी बांधावर उलटी केली. वरून राखाडी दिसत होतं, म्हणजे विझलं असं त्यांना वाटलं. पहाटे घाटाकडून वारा सुटला. पुढचं भाच्यानं एका वाक्यात आटोपलं.

मला मात्र आई आठवली. आमच्या लहानपणी काडेपेटी दोन दिवसांनी एकदा वापरायची, असा तिचा नेमच होता. रात्री भाकऱ्या झाल्या की ती चुलीतले दोन जाडे निखारे मागे ओढून त्यांच्यावर राखेचं पांघरूण घालायची. सकाळी राख बाजूला सारून फुंकणी लावली की खाली लालबुंद डोळा उघडायचा. त्याच विस्तवावर सुका बोंबील भाजून मिळायचा, एक बाजू जळकी, एक कच्ची, आणि आजवर तसा बोंबील मला कुठल्याही गॅसवर जमलेला नाही. शेजारची काकू कधी करवंटी घेऊन विस्तव मागायला यायची. विस्तव राखून ठेवणं हे बायकांचं कसब होतं. पाहुण्यांनी नकळत तेच केलं होतं, फक्त पेंढ्याशेजारी. चांगल्या लाकडाचा कोळसा राखेखाली रात्रभर जिवंत राहतो, हे आता ज्याला ठाऊक असायला हवं त्याला ठाऊक नसतं.

म्हणून भाच्याला हवा होता तो आईच्या उलटा विस्तव. मनात आलं की विझणारा.

मी तीन रविवार दुकानं फिरले. "काकू, टेरेससाठी हवाय का?" असं एका मुलानं विचारलं. "शेतासाठी," म्हटल्यावर त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि मग मोठ्या आदरानं सगळ्यात महागडी वस्तू दाखवली. तिला चाकं होती. भाताच्या खाचरात चाकं कशी चालतील हे त्याला समजावत बसले नाही.

सूटकेससारखा मिटणारा एक प्रकार मला दिसायला फार आवडला. आत लांबट डबा बसतो, अंगावर मारायच्या अत्तराच्या बाटलीसारखा, साधारण 220 ते 230 ग्रॅम गॅसचा. उचलायला हलका, खटका दाबला की पेटतो. पण घरी येऊन मी एका पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक किलो एलपीजीत साधारण पावणेतेरा युनिटांची उष्णता असते. म्हणजे त्या डब्यात तीन युनिटंही नाहीत. बर्नर 2.2 किलोवॅटचा असेल तर पूर्ण ज्वाळेवर डबा सव्वा तासात संपणार. आठ तंबू म्हणजे वीस माणसं. वीस माणसांचं पनीर, कोंबडी, मक्याची कणसं आणि "अजून थोडं चाललं असतं" हे सगळं सव्वा तासात उरकायला भाचा काय लग्नाचा आचारी आहे? शिवाय तो डबा पुन्हा भरता येत नाही. सोमवारी सकाळी पेजेच्या काठी रिकामे डबे कोण गोळा करणार, हेही मला माहीत होतं. वहिनी.

दोघा-तिघांच्या भटकंतीला मात्र हीच वस्तू बरी. ढाकला, पेठला जाणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. एवढंच करावं की वारा लागतो म्हणून डब्याभोवती पत्र्याचा आडोसा गुंडाळू नये आणि शेगडीपेक्षा मोठं पातेलं वर चढवू नये, कारण उष्णता परतून डब्यावर येते आणि तापलेला डबा फुटतो. परदेशी माहितीपत्रकांत थंडीबद्दल फार इशारे असतात. ब्यूटेन उणे 0.5 अंशाखाली वाफच होत नाही, तिथं प्रोपेन मिसळलेला गॅस घ्या, वगैरे. आमच्याकडची थंडी माकडटोपी बाहेर काढण्यापुरती. तिला ब्यूटेन भीक घालत नाही. आमच्याकडे भ्यायचं ते वाऱ्याला.

शेवटी मन बसलं ते दोन बर्नरच्या, टेबलावर ठेवायच्या, झाकणाच्या ग्रिलवर. तिन्ही बाजूंनी उंच कडा, खाली चरबी गोळा करायचा सरकता ट्रे, आणि ज्वाळेवर तिरका पोलादी पत्रा. हा पत्रा महत्त्वाचा. कोळशाची चव कोळशाची, असं सगळे म्हणतात. त्यातली बरीचशी चव मांसातून गळणारी चरबी तापलेल्या जागी पडून जो धूर होतो त्याची असते. तो थेंब पडायला तापलेला पत्रा मिळाला की गॅसवरही धूर होतो. झाकण ठेवलं की तो आतच फिरतो. अगदी तसंच लागतं असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या नव्वद पाहुण्यांना फरक कळत नाही, दहांना कळतो, आणि ते दहाजण उडवीचे पैसे भरून देत नाहीत.

त्याला नळी आणि रेग्युलेटर लावून 5 किलोचा छोटा सिलिंडर जोडायचा, ज्याला 2020 पासून इंडेननं 'छोटू' हे नाव दिलंय. तो ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोन्ही बर्नर मिळून 4 किलोवॅट धरले तर पंधरा-सोळा तास चालतो. म्हणजे हंगामातले दोन-तीन शनिवार-रविवार निघाले. वहिनीच्या स्वयंपाकघरातला 14.2 किलोचा लाल सिलिंडर उचलून खाचरात आणायचा मोह भाच्याला झाला होता. तो घरगुती वापराचा असतो, धंद्याला लावता येत नाही, हे मी त्याला फोनवरच सांगून टाकलं. "तुला बरं सगळं माहीत," तो म्हणाला. तीन रविवार उगाच का फिरले होते?

मग वस्तू न्यायची कशी, हा प्रश्न आला. माझा हिशेब सरळ होता: डोंबिवलीहून कर्जत लोकल, पुढं टमटम. ग्रिल नेता येतो, तो नुसतं लोखंड. पण भरलेला सिलिंडर काय किंवा तो अत्तराच्या बाटलीसारखा डबा काय, रेल्वेत नेता येत नाही. 1989 च्या रेल्वे कायद्याचं 164 वं कलम आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हजार रुपये वाचून हसू येतं, पण गच्च भरलेल्या डब्यात फुटलेल्या नळीचा विचार केला की येत नाही. खोपोली लोकलनं खालापूरकडं निघालेल्या पोरांच्या सॅकमधून हे डबे डोकावताना मी पाहिलेत. पुस्तकं असावीत तशी सहज.

कोळसा बाद केला तेव्हा मनात एक वेगळीच गोष्ट आली. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला कातकरवाडी आहे. खैराचा कात काढणारे म्हणून कातकरी. ते काम गेलं, मग जंगल ठेकेदारांसाठी कोळसा पाडण्याचं काम आलं. आजही दिवाळीनंतर वाडीतली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला माणसं कोळशाच्या भट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर जातात. बरोबर पोरं, कोंबड्या, भांडी. पावसाच्या तोंडाला परत येतात. बार्बेक्यूच्या कोळशाची चकचकीत पिशवी दुकानात हातात घेतली तेव्हा त्यावर जाळीवर भाजणाऱ्या गोऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. भाच्यानं गॅस घेतल्यानं वाडीतल्या कुणाची उचल फिटणार नाही, हे मला कळतं. पिशवी परत ठेवली, एवढंच.

सगळं ठरलं तेव्हा भाच्यानं खरा प्रश्न विचारला. "आत्या, मग पोपटी पण बंद करायची का?"

पोपटी ज्यानं खाल्ली नाही त्याला ती सांगावी कशी? भातानंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच आमच्याकडे वाल होतात. पौष-माघात शेंगा भरतात. बांधावर, पडीक जागेत भांबुर्ड्याचा पाला उगवलेला असतो, हाताला चोळला की उग्र, औषधी वास. मातीच्या मडक्याच्या तळाशी हा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा शेंगा, मधे रताळी, बटाटे, अंडी, कुणाकडं मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला गच्च दाबायचा. पाण्याचा एक थेंब नाही. मडकं उपडं ठेवायचं, भोवती पेंढा, काटक्या, शेणी रचायच्या आणि पेटवायचं. आतलं सगळं पाल्याच्या आणि शेंगांच्या स्वतःच्या वाफेवर शिजतं. अर्धा-पाऊण तास. झाकण काढून बघायची सोय नाही, नॉब नाही, तापमापक नाही. झालं का, हे वासावरून ओळखायचं. नाहीतर मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा आणि चर्र आवाज ऐकायचा. माझा भाऊ कानानं सांगतो. एकदाच चुकला होता, त्याच्या साखरपुड्याच्या आदल्या रात्री, आणि ते आम्ही अजून विसरू देत नाही.

पेंढ्यानंच तर उडवी जळली, मग पेंढ्याचाच जाळ कसा चालेल, असं भाच्याचं म्हणणं. दिसायला बरोबर. पण या वेळी भाऊ फोनवर आला. म्हणाला, "कोळसा ठेवून माणूस झोपायला जातो. पोपटी ठेवून कोण झोपतं?"

मला ते पटलं. पेंढ्याचा जाळ भडकतो मोठा, पण त्याच्यात दम नसतो. पाऊण तासात त्याची राख होते, आणि त्या पाऊण तासात सगळे भोवती उभे असतात, कारण प्रत्येकाला मडक्यातलं हवं असतं. मडकं काढायचं तर काठीनं राख पसरावीच लागते. शेणीचा एखादा तुकडा धुमसत राहतो, त्याच्यावर कळशी ओतली की झालं. कोळशाचं तसं नाही. खाणं संपल्यावर त्याची कुणाला गरज उरत नाही, आणि नेमका तेव्हाच तो रात्रभर जागा राहतो.

तेव्हा असं ठरलं. ग्रिल घेतला. सिलिंडर कर्जतलाच घेतला. खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेलं ताट, आणि एलपीजी हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. गळला तर तळाला साचणार, आणि तळालाच तर तंबूत माणसं झोपलेली. म्हणून ग्रिल तंबूंच्या उताराला, नदीच्या अंगाला ठेवायचा. पाऊस आला, थंडी वाजली, काहीही झालं तरी तंबूच्या आत न्यायचा नाही. जळणाऱ्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो. जेवण झालं की आधी सिलिंडरचा नॉब बंद करायचा, नळीतला गॅस जळून जाऊ द्यायचा, मग ग्रिलचा. हे काम पाहुण्यांचं नाही, भाच्याचं. आणि शेंगा असतील तोवर शनिवारी एक पोपटी, पण ती भावाच्या हातची, आणि नवी उडवी रस्त्याच्या पलीकडं.

पहिल्या शनिवारी मी गेले होते. पाहुणे ग्रिलभोवती जमले, फोटो काढले, पनीर छान झालं. मग वहिनीनं मडकं फोडलं तेव्हा ग्रिल एकटाच राहिला. भाच्यानं जाऊन नॉब बंद केला. टप् असा बारीक आवाज झाला आणि ज्वाळा गेली. इतका सोपा विस्तव आईला दाखवायला हवा होता. ती हसली असती की नाही, सांगता येत नाही.

येणार असाल तर शेंगा भरल्यात का ते आधी विचारून घ्या. पाऊस लांबला तर वाल उशिरा येतात आणि जानेवारीअखेरपर्यंत थांबावं लागतं. आणि सिलिंडर लोकलमधून आणू नका. इथं मिळतो.