शाळेची निवड

गेल्या जून महिन्यांत एक पालक आमच्याकडे आले. "सर, मुलाचें नांव येथून काढून दुसऱ्या शाळेंत घालावें म्हणतों. तिचा निकाल तुमच्याहून चांगला आहे." आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे. वीस वर्षें खडू हातीं धरल्यावर आपल्या शाळेचा अभिमान जडतोच. "दोन दिवस थांबा," एवढेंच आम्हीं सांगितलें.

त्या दोन दिवसांत आम्हीं अमेरिकेंतील सनदी शाळांची हकीकत वाचली. ह्या शाळा सरकारी पैशानें चालतात व फी घेत नाहींत. परंतु त्यांचा कारभार स्वतंत्र असतो, आणि करार पाळला नाहीं तर सनद जाऊं शकते. मिनेसोटा संस्थानानें १९९१ सालीं असा पहिला कायदा केला व १९९२ सालीं सेंट पॉल शहरीं पहिली शाळा निघाली. पालकांस निवड मिळाली कीं शिक्षण सुधारेल, अशी पुष्कळांची आशा होती. २००९ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १६ भागांतील सनदी शाळा तपासल्या. गणितांत १७ टक्के शाळा सरकारी शाळांहून सरस, ४६ टक्के सारख्याच व ३७ टक्के कमी ठरल्या. २०२३ सालच्या तपासणींत सरासरी वर आली. तरी शाळाशाळांतील अंतर राहिलेंच.

परंतु आमच्या मनास लागली ती तपासणीची रीत. त्यांनीं नुसता निकाल मोजला नाहीं. मूल आरंभीं कोठें होतें आणि वर्षानें कोठें पोहोंचलें, हें त्यांनीं पाहिलें. आम्हीं आमच्या मुलांविषयीं असें कधीं पाहिलें होतें काय?

पालक परत आले, तेव्हां आम्हीं मुलाच्या दोन वर्षांच्या गणिताच्या वह्या समोर ठेवल्या. अपूर्णांकांची जी चूक पहिल्या वहींत, तीच शेवटच्या वहींत होती. बाजूला लाल शाईची सही मात्र आमचीच होती! "निकालांचें राहूं द्या," आम्ही म्हणालों. "ही चूक तेथें कोण सुधारील, एवढें विचारा." त्यांनीं तसें विचारलें. मुलगा गेला.

आतां दर महिन्याच्या अखेरीस आम्ही प्रत्येक मुलाची वही त्याच्या जूनमधील वहीशीं ताडून पाहतों. पालकहो, आपणही आमच्याकडे निकालाचा आंकडा मागूं नका; त्या दोन वह्या मागा.