गिल्ट तबकडी : सोनेरी अक्षर येते कोठून?

१/७
१९५० च्या दशकातील अनेक स्विस मनगटी घड्याळांच्या चकचकीत काळ्या तबकडीवर सोनेरी अक्षरे दिसतात. संग्राहक तिला ‘गिल्ट’ तबकडी म्हणतात. गिलिट म्हटले की आपल्याला वरून चढवलेला मुलामा आठवतो. येथे सोनेरी रंग तळाचा असतो आणि चढवलेला असतो तो काळा.

२/७
कारखान्यातील पद्धत अशी : पितळी चकती घासून लखलखीत करायची. तिच्यावर अक्षरे व मिनिटांच्या रेघा पारदर्शक रोगणाने छापायच्या. मग विजेच्या साहाय्याने काळा थर चढवायचा. रोगण असलेल्या जागी तो बसत नाही. रोगण धुतले की खालचे पितळ उघडे पडते. तेच सोनेरी अक्षर. शेवटी सर्वांवर पारदर्शक लेप.

३/७
त्यामुळे हे अक्षर काळ्या थरापेक्षा किंचित खोल असते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वरून छापलेल्या पांढऱ्या अक्षरांच्या मॅट तबकड्या रूढ होऊ लागल्या. दोहोंतील फरक भिंगाखाली ओळखता येतो.

४/७
आज काही हौशी कारागीर हेच काम घरी करतात. प्रकाशाने घट्ट होणारी पातळ फिल्म लावून अक्षरे झाकायची, उरलेला भाग काळा करायचा, फिल्म काढायची. बोटाचा तेलकट ठसा राहिला, तरी काळा थर तेथे नीट धरत नाही आणि चकती पुन्हा पहिल्यापासून घासावी लागते.

५/७
जुनी तबकडी खरवडून नवी करण्याचा मोह मात्र घातक आहे. त्या काळच्या अनेक तबकड्यांवरील चमकत्या रंगात रेडियम असे. चमक विझते ती त्यातील झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. न्यू जर्सीत हा रंग भरताना ओठांनी कुंचल्याला टोक काढणाऱ्या तरुणींच्या जबड्यांची हाडे सडली. त्यांतील पाचजणींच्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली.

६/७
शिवाय जुनी तबकडी हा पुरावा आहे. ती खरवडली की कारखान्याची पद्धत, रंग आणि काळ यांची साक्ष पुसली जाते. हुबेहूब नवी तबकडी जुनी म्हणून खपवली, तर तिची गत बनावट ताम्रपटासारखी होते : धातू खरा, अक्षरे सुबक, कथन खोटे.

७/७
म्हणून प्रामाणिक कारागीर कोरी चकती घेतो, समोर नामांकित कंपनीऐवजी स्वतःचे नाव घालतो आणि मागे वर्ष कोरतो. पन्नास वर्षांनी कोणी ते घड्याळ उघडले, तर त्याला ती तबकडी कोणाची आणि केव्हाची, हे विचारत फिरावे लागणार नाही.