थांबवणारी खिटी

१८३० साली सोळा वर्षांचा सॅम्युअल कोल्ट ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावरून कलकत्त्याच्या सफरीस निघाला. जहाजावरील फिरणारे व ठरावीक जागी अडकून थांबणारे चक्र पाहून त्याला रिव्हॉल्व्हरची कल्पना सुचली, असे सांगतात. १८३६ मध्ये त्याने अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. या शस्त्राने किती रक्त सांडले याचा हिशेब परमेश्वरच जाणे.

त्या रचनेशी माझी गाठ पडली ती शिरवळला. येथील कारखान्यांत मी फिटर म्हणून उमेदीची वर्षे घालवली. माझे दिवंगत मेहुणे बोटीवर नोकरीला होते. परदेशातून त्यांनी कोल्टच्या १८५१ सालच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरची शोभेची प्रतिकृती आणली होती. नळी भरीव, त्यामुळे गोळी सुटण्याचा प्रश्नच नव्हता. घोडा व सिलिंडर मात्र खऱ्यासारखे हलत. त्यांच्या पश्चात ते सिलिंडर भलतीकडे थांबू लागले.

भाचा म्हणाला, “मामा, पप्पा फिरवायचे तेव्हा ‘टक्’ असा आवाज यायचा. तो परत आणून द्या.”

बहीण म्हणाली, “दादा, दुरुस्त करू नकोस. शस्त्राचे सोंगसुद्धा मला घरात नको. बापाची आठवण ठेवायला त्यांची रोझरी आहे.”

दोघांचेही म्हणणे खरे होते. दोष कुठे आहे ते आधी पाहू, एवढेच मी कबूल केले.

घोडा मागे ओढला की आतील छोटी पट्टी सिलिंडरच्या मागच्या दात्याला रेटते आणि सिलिंडर एक घर पुढे सरकते. त्याच क्षणी खालून एक खिटी वर येऊन खाचेत बसते व घर नळीच्या रेषेत येते. पट्टी झिजली तर सिलिंडर खाचेच्या अलीकडेच राहते. खिटी वेळेआधी वर आली तर सिलिंडरभोवती ओरखड्याचे कडे उमटते. भाचा कानस घेऊनच बसला होता. मी ती बाजूला ठेवली. घासलेले पोलाद परत येत नाही. आधी जुने, चिकट झालेले तेल धुतले. मग घोडा सावकाश ओढून पाहिला, तर सहाही घरे बरोबर जागी थांबली. झटक्याने ओढला, की सिलिंडर खाच ओलांडून पुढे निसटे. म्हणजे दाते शाबूत होते, पट्टीही शाबूत होती. खिटीला वर लोटणारी स्प्रिंग तेवढी दमली होती.

दोन शनिवार खपून आम्ही नवी स्प्रिंग केली. पोलादाची पातळ पट्टी लाल तापवून तेलात बुडवली. तशी ती कडक होते, पण ठिसूळही होते. म्हणून निळी झाक येईपर्यंत पुन्हा मंद आचेवर तापवली. तेव्हा कुठे ती वाकून पूर्वपदावर येऊ लागली.

काम करता करता मी त्याला शेजारच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीची हकिकत सांगितली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर घडवले गेले. यशया संदेष्ट्याने पाहिलेले स्वप्न आपल्याच मुलखात खरे झाले, असे मला वाटते. भाच्याने विचारले, “मग हीसुद्धा वितळवायची?” मी म्हटले, “ते तुझ्या आईला विचार.”

प्रतिकृती जुळल्यावर त्याने आईसमोर घोडा झटक्याने ओढला. टक्. बहीण क्षणभर स्तब्ध झाली. तो आवाज तिनेही ओळखला होता. मग तिने ती वस्तू नवऱ्याच्या बोटीवरच्या पेटीत ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली मुलाच्या हाती दिली. त्याने अद्याप पेटी उघडलेली नाही.

आपल्यालाही पुढे रेटणारे पुष्कळ असते: राग, हाव, मानापमान. सावकाश चालले असताना आपण सगळेच सज्जन असतो. दोष उघडा पडतो तो घाईत आणि संतापात. म्हणून विवेकबुद्धीची तपासणी केवळ पापनिवेदनाच्या आदल्या रात्री करून भागत नाही. आपल्याला वेळेवर थांबवणारी ती खिटी दमली तर नाही ना, हे शांत दिवसांतच पाहून ठेवावे.